माफीचा मांडव

साखरबाई हल्ली रस्त्याकडं पाठ करून भाजी विकते.

शिरूरच्या बाजारातली तिची जागा तीच आहे, गोणपाट तेच आहे, मेथीच्या जुड्यांवर ओंजळीनं पाणी शिंपडायची तऱ्हाही तीच. फक्त तोंड भिंतीकडं. भाव विचारायचा तर तिच्या पाठीला विचारावा लागतो, आणि ती खांद्यावरून जुडी मागं सरकवते. नवखं गिऱ्हाईक म्हणतं, बाई विक्षिप्त दिसते. जुनं गिऱ्हाईक काही म्हणत नाही. त्यानं तो व्हिडिओ पाहिलेला असतो.

कृपाबाई मात्र वळसा घालून भिंतीच्या बाजूनं जायच्या. गटार ओलांडावं लागे, साडी उचलून धरावी लागे, पण साखरबाईच्या समोर उभं राहून भाजी घेता येई.

"शेपू हाय का गं?"

"हाय की. तुमच्यासाठी ठिवलाय बाजूला."

"नाक कसं हाय आता?"

साखरबाईनं नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. तिथं कातडी जरा वेगळ्या रंगाची झाली होती, भाकरी करपते तशी. "नाक बरं झालं वो बाई. लोकांची नजर बरी व्हत न्हाई. बघत्यात ते तिथंच बघत्यात. म्हनून म्हनलं, पाठ बघा."

मागच्या दिवाळीआधी तिच्या मुलानं कुठल्याशा बड्या नेत्याचं एक हसवणारं चित्र फोनवरून मित्रांना पाठवलं होतं. मुलगा पुण्यात कामाला. कार्यकर्ते घरी आले, मुलगा सापडला नाही, आईला घेऊन गेले. चौकात टेबल मांडलेलं, टेबलावर नेत्याचा हार घातलेला फोटो, टेबलाखाली रस्ता. त्या रस्त्यावर साखरबाईनं नाक घासलं. "माझ्या लेकाची चूक झाली, पुन्ना न्हाई व्हनार," असं तिला परत परत म्हणायला लावलं, कारण मागं एसटीचा हॉर्न वाजत होता आणि व्हिडिओत आवाज नीट येत नव्हता. शेवटी नीट आला. मग मंडळी वडापाव खायला गेली.

हे एकदाच घडलं असतं तर आपण त्याला दांडगाई म्हटलं असतं आणि विसरलो असतो. पण एक झालं, दुसरं झालं, आणि बघता बघता त्याची रीत झाली. रीत झाली की तिला सामान लागतं, मानकरी लागतात, सोयीची वेळ लागते. नेत्याची टिंगल कुणीही केलेली असो, माफीला बाईच आणायची, हाही त्या रीतीचाच भाग. आई असली तर आई, नसली तर बायको. कार्यकर्ते त्याचं कारणही समजावून सांगायचे, अगदी शहाण्या माणसासारखे: बाप्याला उभं केलं तर डोकी फुटतात, बाईला उभं केलं की विषय मिटतो. आणि ऐकणारे माना डोलवायचे. मान डोलवणाऱ्यांत वकील होते, मास्तर होते, वर्तमानपत्र वाचणारे होते.

कृपाबाईंना ही रीत ठाऊक होती. पण ती आपल्या घरी येईल असं कुणालाच वाटत नसतं, तसं त्यांनाही वाटलं नव्हतं. खरं तर वाटायला हवं होतं. त्यांच्या घरात त्यांचे यजमान, एडविन, होते.

एडविन रेल्वेत पेंटर होते. दौंड स्टेशनात उभी हयात गेली. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं रंगवायची, दोन प्लॅटफॉर्मांपलीकडून वाचता येतील एवढी मोठी. हात एवढा बसलेला की लहान काढणं त्यांना जमायचंच नाही; भाच्याच्या वाढदिवसाचं कार्ड काढायला घेतलं तर ते दाराएवढं व्हायचं. आणि रविवारची उपासना आटोपली की क्वार्टरच्या बाहेर एक फळा टांगून त्यावर ते खडूनं व्यंगचित्र काढत. कधी आमदार, कधी मंत्री, कधी स्वतःच्या खात्यातला साहेब. कॉलनी हसायची. साहेब हसायचा नाही. मग सोमवारी कृपाबाई डबा भरून नानकटाई घेऊन साहेबाच्या बंगल्यावर जायच्या, त्याच्या बायकोपाशी बसायच्या आणि म्हणायच्या, "ह्यांचं मनावर घेऊ नका वहिनी. स्वभाव हाय." एडविन चित्रं काढत गेले आणि कृपाबाई नानकटाया भाजत गेल्या. त्याला माफी म्हणतात हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. धुणं, भांडी, केर आणि हे.

निवृत्तीनंतर दोघं शिरूरला मुलाकडं राहायला आले. मुलगा रॉबिन रांजणगावच्या कंपनीत, सून ब्लेसी एका दवाखान्यात परिचारिका. एडविनना घरात करमेना. शेवटी यंदा त्यांनी वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडलं: "पुढारी आणि पेन्सिल: आपल्या व्यंगचित्रांचा इतिहास". लहानपणापासून वर्तमानपत्रांत पाहिलेली चित्रं त्यांनी आपल्या हातानं मोठ्या पुठ्ठ्यांवर पुन्हा काढली होती. पहिल्या भिंतीवर इंग्रजांच्या राज्यातली: ढेरपोटे लाटसाहेब, त्यांच्या ताटात आपला देश. दुसऱ्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतरची: पहिल्या फळीचे पुढारी, कुणी तारेवरून चालणारा डोंबारी, कुणी पाळण्यातलं बाळ. मग आणीबाणी, तिथं त्यांनी एक चौकट मुद्दाम कोरी टांगली होती. पुढं खुर्चीला डिंकानं चिकटलेले, रात्रीतून टोप्या बदललेले, रथात बसलेले, हत्तीवरून उतरलेले.

एडविन प्रत्येक चित्रापुढं उभं राहून सांगत. दौंडच्या फलाटावरच्या घोषणेसारखा भरदार आवाज. "त्या काळचे पुढारी स्वतःवरचं चित्र मागून घ्यायचे. फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचे. ज्याला स्वतःवर हसता येत नाही त्यानं लोकांवर राज्य करू नये. आणि ज्याला चित्र काढायचं त्यानं भिऊ नये. भित्रा माणूस चित्रकार होऊ शकतो, व्यंगचित्रकार नाही."

मागच्या खुर्चीवर बसून कृपाबाई ऐकत. आपला माणूस बोलतो बरं, असं त्यांना वाटे.

लोक खूप आले. दिल्लीत ज्यांचं राज्य, त्यांचे तालुक्यातले चांगदेव आले. जे विरोधात, त्यांचे मल्हारी आले. चांगदेव मल्हारींच्या जुन्या पुढाऱ्यांच्या चित्रांपुढं पोट धरून हसले, मल्हारी चांगदेवांच्या. मेलेल्यांवर हसायला कुणाचीच ना नव्हती.

अडचण झाली ती शेवटच्या चित्राची. ते आजचं होतं आणि एडविनचं स्वतःचं होतं. रसवंतीगृह. लाकडी चरकाच्या एका अंगाला दिल्लीतले आजचे साहेब, दुसऱ्या अंगाला त्यांचे विरोधक, एक नुसत्या बनियनवर, दुसऱ्यानं बाह्या सरसावलेल्या, दोघं मिळून दांडा फिरवतायत, आणि चरकात ऊस म्हणून घातलाय मतदार. अर्धा आत गेलेला, बोटाला शाई, आणि तोंडावर अजून आशा. घुंगरूसुद्धा काढले होते. चांगलं चित्र होतं. फक्त सवयीप्रमाणं ते स्टेशनच्या पाटीएवढं झालं होतं, दोन पुठ्ठे जोडून केलेलं. हॉल अरुंद. कितीही मागं सरलं तरी फोनमध्ये एका वेळी अर्धंच मावे. कुणी डावं अर्धं काढलं, कुणी उजवं. आणि संध्याकाळपर्यंत चांगदेवांच्या लोकांकडं फक्त त्यांचे साहेब पोचले, मल्हारींच्या लोकांकडं फक्त त्यांचे. दोघंही रस काढताना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन मोटारसायकली दारात थांबल्या. एडविन पेपर वाचत बसले होते. आवाज ऐकला, पेपर घडी केला, आतल्या खोलीत गेले आणि चादर ओढून पडले.

"काकू, पेंटरसाहेब हायत का?" चांगदेव म्हणाले.

"झोपलेत. बीपी वाढलंय जरा," कृपाबाई म्हणाल्या. तोंडातून आपोआप आलं ते.

"आसू द्या, आसू द्या. म्हाताऱ्या मानसाला कशाला तरास. आमचं तसं बी तुमच्याशीच काम हाय."

दोघं कोचावर शेजारी शेजारी बसले. हे दोघं रस्त्याच्या खड्ड्यांसाठी कधी एकत्र बसले नव्हते, दवाखान्यातल्या औषधांसाठी बसले नव्हते. कृपाबाईंच्या कोचावर बसले.

मल्हारींनी फोन पुढं केला. "बघा वो काकू. देशाचा एवढा मोठा मानूस, आन् त्याला रसवाला केला?"

"तुमची बी रसवंती हाय की हायवेला, मल्हारीभाऊ."

"ते येगळं. मी मी हाय."

"आन् आमच्या सायबांच्या अंगात नुसतं बनियन," चांगदेव म्हणाले. "निवडून आलेल्या मानसाला बनियनवर दाखिवत्यात व्हय?"

कृपाबाई उठल्या, एडविननी हॉलमध्ये नेण्याआधी अंगणात काढलेला पूर्ण चित्राचा फोटो शोधून दोघांपुढं धरला. "अहो, पण दोघं बी हायत त्यात. आन् चरकात कोण हाय ते बघा. मतदार हाय. म्हंजी तुम्ही, मी."

चांगदेवांनी फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला. "मतदाराचं काय न्हाई," ते म्हणाले. "त्याची तक्रार आलेली न्हाई."

मग त्यांनी ठरलेलं सांगितलं. दोन्ही पक्षांचे दोन वेगळे कार्यक्रम झाले तर काकूंनाच दोनदा त्रास, म्हणून उद्या चौकात एकाच मांडवात दोन्ही उरकायचं. टेबलावर दोन फोटो. आधी कुणापुढं, यावर वाद झाला होता, तो त्यांनी चिठ्ठी टाकून सोडवला होता. हे सांगताना दोघांच्याही चेहऱ्यावर समंजसपणाचं तेज होतं.

"साधी साडी नेसा. डोईवर पदर," मल्हारी म्हणाले. "आन् चष्मा काढून या काकू. चष्म्यानं डोळ्यातलं पानी दिसत न्हाई."

"आन् मी न्हाई आले तर?"

"आसं कसं, काकू?" चांगदेव हसले. "तुमच्यात तर गुडघे टेकायची सवयच आसती की. दर रविवारी."

कृपाबाईंनी चहा आधीच ठेवला होता, म्हणून दिला. चांगदेवांनी चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून आत पडलं, त्यांनी बोट घालून काढलं, चाटलं, आणि तेच बोट कोचाच्या अभ्र्याला पुसलं. ते गेल्यावर कृपाबाई किती तरी वेळ त्या बशीतल्या लगद्याकडं बघत राहिल्या. तांदूळ निवडताना अळी बोटाला चिकटते तसं काहीतरी सगळ्या घराला चिकटून राहिलं होतं.

आतून एडविन आले. बनियनवर. "काय म्हणाले?"

"तुम्हाला ऐकू गेलं की सगळं."

एडविन कोचाच्या काठावर बसले. पाय हलवत राहिले. मग म्हणाले, "जाऊन ये ना."

"काय?"

"जाऊन ये. सांग, म्हाताऱ्याला आता काही कळत नाही. दौंडला नव्हतीस का जात? तुला जमतं ते, कृपा. मला नाही जमत. मी तिथं गेलो तर माझी मान राहायची नाही."

कृपाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. कालच हा माणूस हॉलमध्ये उभा राहून लोकांना भित्रेपणावर सांगत होता. आज त्याच्या मानेची काळजी तो बायकोच्या नाकावर सोपवत होता, आणि किती सहज. मीठ संपलंय, आणतेस का, म्हणावं तसं. कार्यकर्त्यांची किळस आली होती, पण ते परके होते. ही किळस घरातली होती, तीच बोचरी. ह्या माणसाच्या शर्टावरचे शाईचे डाग त्यांनी लिंबू चोळून चोळून काढले होते.

त्यांनी कपबश्या उचलल्या आणि मोरीत नेल्या.

संध्याकाळी रॉबिन कंपनीच्या बसमधून उतरला तोच चिडलेला. "मम्मी, कंपनीत पण फिरतोय फोटो. सुपरवायझर विचारतो, तुझेच फादर ना? लाइनवरची बिहारी पोरं पण हसतात, 'रॉबिनभाई, एक गिलास रस पिलाओ.' काय ते एकदाचं मिटवून टाक बाबा. पाच मिनिटांचं काम आहे. कोण लक्षात ठेवतंय?"

"साखरबाई ठेवते," कृपाबाई म्हणाल्या.

"ती कोण?"

"बघ. व्हिडिओ तू मला दाखवला व्हतास. नाव बी ठाऊक न्हाई तुला."

ब्लेसी ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. दवाखान्यातून आल्यावर तिनं अजून कपडेही बदलले नव्हते. लाटणं न थांबवता ती म्हणाली, "मम्मी उद्या गेल्या, तर पुढच्या वेळी ते मला न्यायला येतील."

"तुला कशाला नेतील?" रॉबिन म्हणाला.

"तू काहीतरी फॉरवर्ड करशील म्हणून."

"मी कशाला काय फॉरवर्ड करतोय!"

"रोज करतोस."

तव्यावरची पोळी फुगली आणि करपायला लागली तरी ब्लेसीनं ती उलटली नाही. कृपाबाईंनी पुढं होऊन उलटली. सुनेचा चेहरा त्यांनी जवळून पाहिला. त्यावर राग नव्हता. पुढं कधीतरी आपलीही पाळी येणार हे मान्य करून बसलेल्या माणसाचा तो चेहरा होता. तीस वर्षांची पोर, आणि आतापासून मान्य करून बसलेली.

दुसऱ्या दिवशी कृपाबाई निघाल्या तेव्हा एडविननी विचारलं, "जाते आहेस ना?" कृपाबाई म्हणाल्या, "जाते." साडी त्यांनी चर्चला जायची नेसली, जांभळ्या काठाची. चष्मा घातला.

चौकात मांडव होता. लग्नातला असतो तसा लाल-पिवळा, भाड्यानं आणलेला, एका खांबावर अजून कुणाच्या तरी लग्नाचं "शुभविवाह" लिहिलेलं. टेबलावर दोन फोटो, दोन्हींना सारखे हार. एका हाराची फुलं जरा कमी निघाली म्हणून एक कार्यकर्ता दुसऱ्या हारातली काढून इकडं खोवत होता. टेबलासमोर ओलं करून पिळलेलं गोणपाट अंथरलं होतं.

"तुमच्यासाठीच हां, काकू," चांगदेव म्हणाले. "गुडघं खरचटू न्हाईत म्हनून. बाकीच्यांना आम्ही डांबरावरच घेतलंय."

"आन् ही साडी कशाला नेसलात भारीची? चष्मा?" मल्हारींनी हात पुढं केला. कृपाबाई एक पाऊल मागं सरल्या.

महिला आघाडीच्या भामाबाईंना बोलावून घेतलेलं होतं. बाईला बाप्यानं हात लावला तर बरं दिसत नाही, म्हणून मान वाकवायला बाईच लागते, एवढी सभ्यता त्या रीतीत होती. भामाबाई कृपाबाईंच्या मागं येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मानेवर हात ठेवला. हाताला घाम होता. ह्या हाताला हे काम आवडत नव्हतं हे मानेला कळत होतं, आणि तरी तो हात तिथंच होता.

भोवती माणसं जमली होती. दुकानांच्या पायऱ्यांवर, मोटारसायकलींच्या सीटवर. बायका होत्या, कडेवर लेकरं घेतलेल्या. कुणाच्याच तोंडावर दुष्टावा नव्हता. जत्रेत पाळणा सुरू व्हायची वाट बघावी तशी ती वाट बघत होती, आणि बघता बघता शेंगा खाऊन टरफलं टाकत होती.

फोन धरलेला कार्यकर्ता म्हणाला, "थांबा, आदी एकदा ट्रायल घिऊ. काकू, नुसतं वाका. नाक टेकू नका आत्ता. ते फायनलला टेकवा."

ट्रायल. त्या शब्दानं कृपाबाईंच्या आत इतके दिवस, इतकी वर्षं जे गिळलं गेलं होतं ते सगळं घशाशी आलं. साहेबांच्या बंगल्यांतले सोफे आले, नानकटाईचे डबे आले, "स्वभाव हाय वहिनी" आलं. त्यांना वाटलं आपल्याला इथंच ओकारी होणार, त्या दोन फोटोंच्या पुढ्यात.

"भामाबाई, हात काढा."

भामाबाईंनी चांगदेवांकडं पाहिलं. काढू का ठेवू?

"त्यांच्याकडं काय बघता? मान माझी हाय. मी सांगते, काढा."

हात निघाला.

"काकू, टाइम होतोय," मल्हारी म्हणाले.

"मल्हारीभाऊ, मी माफी मागणार न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी न्हाई. चित्र मी काढलं न्हाई. काढलं असतं तरी मागितली नसती, त्यात खोटं काय न्हाई. पण मी काढलं न्हाई. ज्यानं काढलं तो घरी हाय, जिवंत हाय, त्याला तोंड हाय. तो माझा नवरा हाय म्हणून माझं नाक त्याचं व्हत न्हाई. साखरबाईचं नाक बी तिच्या लेकाचं नव्हतं. तुम्ही ते घासून घेतलं आन् मग वडापाव खाल्ला."

"बंद कर रे, बंद कर," चांगदेव फोनवाल्याला म्हणाले.

"का बंद? राहू द्या की चालू. आवाज नीट येतोय ना?" कृपाबाई फोनकडं वळल्या. "काल तुम्ही म्हणालात, आमच्यात गुडघे टेकायची सवय हाय. व्हय, हाय. रोज टेकते मी गुडघे. कुणापुढं, ते मी ठरवते."

कुणीतरी हसलं. कुणीतरी "गप रे" म्हणालं. एक कडेवरचं लेकरू रडायला लागलं. चांगदेव आणि मल्हारी एकमेकांकडं वळले आणि "तुमच्या मानसांनी बाई नीट समजावली न्हाई", "आमच्या का तुमच्या?" असं सुरू झालं. त्या गोंधळात कृपाबाई मांडवाबाहेर पडल्या. कुणी अडवलं नाही. अडवायचं कसं, ते रीतीत बसवलेलंच नव्हतं. आजवर कुणी नाही म्हणालंच नव्हतं.

हा व्हिडिओ तुमच्याकडं आला नसेल. तो कुणी कुणाला पाठवला नाही. नाक घासलेलं आपण एकमेकांना पाठवतो, खाली हसरे चेहरे चिकटवतो, आणि जेवायला बसतो. न घासलेल्या नाकात बघण्यासारखं काय असतं?

रस्त्यात दोनदा कृपाबाई दुकानांच्या कठड्याला धरून थांबल्या. पुढं काय होईल ते त्यांना दिसत होतं: घरावर दगड येईल, रॉबिनला कंपनीत बोलणी बसतील, वाचनालयाला कुलूप लागेल. सगळं दिसत होतं आणि तरी त्या चालत राहिल्या.

घरी एडविन दाराकडं डोळे लावून बसले होते. "झालं?"

"न्हाई झालं. मी न्हाई म्हणून आले."

एडविनचा चेहरा उतरला. "कृपा, अगं... मग आता?"

"आता ते इथं येतील." कृपाबाईंनी गवारीची पिशवी घेतली, खाली बसल्या आणि शेंगा मोडायला लागल्या. ब्लेसी आतून आली, शेजारी बसली आणि तिनंही एक मूठ घेतली. "माफी मागायची का न्हाई, ते तुमचं तुम्ही ठरवा. मागितलीत तरी तुम्ही मागायची, न्हाई मागितलीत तरी तुम्ही. मी मध्ये न्हाई. दौंडला बी नको व्हतं मी मध्ये पडायला, पण तेव्हा कळलं न्हाई. तुम्हाला बी न्हाई, मला बी न्हाई."

मोटारसायकलींचा आवाज गल्लीत शिरला तेव्हा एडविननी सवयीनं बायकोकडं पाहिलं. कृपाबाईंनीही पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. पण त्या उठल्या नाहीत.

कडी वाजली. पुन्हा वाजली.

एडविन उठले, खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला. बटणं वरखाली लागली. एरवी कृपाबाईंनी पुढं होऊन नीट केली असती. एडविन दारापाशी जाऊन थांबले. एवढा वेळ थांबले की ब्लेसीचा हात गवारीत तसाच राहिला. मग त्यांनी दार उघडलं.

"काकूंना भायेर बोलवा," चांगदेवांचा आवाज आला.

"ती येणार नाही," एडविन म्हणाले. फलाटावरच्या घोषणेचा तो आवाज नव्हता. बारीक होता, कापत होता. "चित्र मी काढलंय. माझ्याशी बोला."